साल्सा, पण कुठला?

‘साल्सा शिकायला जातोय’ असं सांगितल्यावर आईला कोण आनंद झाला! पंचेचाळिशीत का होईना, मुलगा स्वयंपाकाकडे वळला. म्हणाली, “येताना वाटीभर आण, चव बघू.” मी निघालो होतो साल्सा नाचायला, पण चूक तिची नव्हती. गेल्याच आठवड्यात नातीने तिला मक्याच्या चिप्सबरोबर साल्सा खाऊ घातला होता आणि तिने “टोमॅटोची कोशिंबीर आहे, दाण्याचं कूट विसरलेली” असा निकालही दिला होता.

निकाल तसा फार चुकलेला नाही. मेक्सिकोत अजूनही काही घरांत साल्सा ‘मोल्काहेते’त वाटतात. ज्वालामुखीच्या खरबरीत दगडाचा, तीन पायांचा खल. त्यात भाजलेले टोमॅटो, भाजलेल्या मिरच्या, लसूण, मीठ. आमचा ठेचाच, फक्त तब्येतीने ओलसर. गंमत म्हणजे मिरची आपल्याकडे आली तिकडून, पोर्तुगीजांच्या जहाजांतून. आणि साल्सावर पिळायचं लिंबू नि भुरभुरायची कोथिंबीर तिकडे गेली स्पॅनिश लोकांबरोबर. वाटीची परतफेड रिकाम्या वाटीने करू नये, हे समुद्रालाही ठाऊक असावं.

वाजणारा साल्सा मात्र मेक्सिकोचा नव्हे. त्याचं आजोळ क्युबा, तिथलं ‘सोन’ संगीत. वाढला तो न्यूयॉर्कमध्ये, पोर्तो रिकोहून आलेल्यांच्या वस्त्यांत. ‘जरा साल्सा घाल की’ अशा अर्थाचं क्युबन संगीतकार इग्नासिओ पिन्येरोचं गाणं तीसच्या दशकातलं. पुढे 1964 मध्ये न्यूयॉर्कला फानिया रेकॉर्ड्स ही गाण्यांच्या तबकड्या काढणारी कंपनी निघाली आणि सत्तरच्या दशकात या सगळ्या मिश्रणावर ‘साल्सा’ ही चिठ्ठी पक्की चिकटली. तीतो पुएन्तेसारखा मुरलेला वादक त्यावर वैतागायचा: साल्सा खायची वस्तू, वाजवायची नव्हे! आईचं आणि त्याचं जमलं असतं.

साल्सा हा शब्द लॅटिनमधल्या ‘साल’वरून, म्हणजे मिठावरून आलेला. आणि या खारट नावाच्या संगीताची राणी सेलिया क्रूझ रंगात आली की ओरडायची काय, तर “आसुकार!” म्हणजे साखर.

मिठाला आपणही कमी लेखलेलं नाही. लवणावरून लावण्य झालं. लावण्यावरून लावणी, असं मानणारे आहेत. शेतातल्या लावणीवरून म्हणणारेही आहेत. मी अर्थातच पहिल्यांच्या पंगतीत.

क्लासमध्ये मात्र माझं मीठ काही विरघळेना. क्लावे नावाच्या दोन लाकडी दांड्यांवर पाच ठोके पडतात, तीन आणि दोन. ऐकायला सोपं. नाचताना आठ मोजायचे, पण चारला आणि आठला पाऊल टाकायचं नाही. नेमकं तिथेच माझं पडतं. रांगेतले सगळे थबकलेले आणि मी एकटाच कुठेतरी निघालेला, जणू बस सुटतेय.

महिनाभराने आई म्हणाली, “वाटी राहू दे, नाचून तरी दाखव.” मोबाईलवर गाणं लावलं आणि ओटा ते फ्रीज एवढ्या जागेत मी एक-दोन-तीन, पाच-सहा-सात केलं. चारला पाऊल पडलंच. पोळी लाटता लाटता तिने शेवटपर्यंत बघितलं, पोळी तव्यावर टाकली आणि म्हणाली,

“अळणी आहे रे.”