रॅम घेतली ३२००ची, दाखवतंय ११९७

माझा लॅपटॉप २०१८चा, प्रोसेसर आय५-८२५०यू, आणि रॅम फक्त ४ जीबी. क्रोमचे पाच टॅब आणि एक एक्सेल उघडलं की संपलं, चहा करून आणला तरी गोल फिरतंच असायचं. म्हणलं रॅम टाकू, एक स्टिक तर बसवायची आहे.

पहिला घोळ तिथेच. एका दुकानात "लॅपटॉपची ८ जीबी द्या" एवढंच बोललो, त्यानेही काही विचारलं नाही, काढून दिली. घरी खालचं झाकण उघडलं, स्क्रू वाटीत ठेवले, आणि ती बसेचना. जोर लावणार तेवढ्यात बायको म्हणाली, "अहो थांबा, जुनी आणि नवी, दोन्ही स्टिकची खाच बघा जरा." खरंच, खाच वेगळ्या जागी. माझी डीडीआर४ (रॅमची नवी पिढी), २६० पिनांची, आणि हातातली डीडीआर३एल (आधीची पिढी), २०४ पिनांची. व्होल्टेजही वेगळं, १.२ आणि १.३५, म्हणून खाच मुद्दाम सरकवलेली असते की चुकून बसूच नये. आणि मी दाबत होतो.

मग शहाणपण आलं. जुन्या स्टिकवरच्या लेबलचा फोटो काढला, पीसी४-२४००टी लिहिलेलं (म्हणजे डीडीआर४, स्पीड २४००), आणि तो घेऊन लॅमिंग्टन रोडला गेलो. तिथल्या काकांनी ३२००ची दिली. मी खूश, जास्त स्पीड! बसवली तर स्क्रीन काळी. पोटात गोळा. काढली, सोनेरी पट्टीवर खोडरबर हलकेच फिरवला, तिरपी घालून दोन्ही क्लिप टक् होईपर्यंत दाबली, चालू झाला. सीपीयू-झेड (रॅम-प्रोसेसरची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडून बघतो तर ११९७ मेगाहर्ट्झ! ३२००चे पैसे घेऊन हे काय दिलं म्हणून दुसऱ्या दिवशी तणतणत परत दुकानात.

काका हसले. डीडीआरमधला पहिला डी म्हणजे डबल, एका ठोक्याला दोनदा डेटा जातो, म्हणजे ११९७ दुणे जवळपास २४००. बरं मग ३२०० का नाही? तर तुमचा प्रोसेसरच डीडीआर४ला २४००च्या पुढे जात नाही, आणि तो गेला असता तरी शेजारी जुनी २४००ची बसलीये, बैलजोडीतला एक हळू असला की गाडी त्याच्याच चालीने. मी म्हणलं मग २४००चीच द्यायची ना, तर म्हणे ती नवी आता शोधावी लागते आणि मिळाली तर महाग पडते, ही खाली उतरून चालते.

आता १२ जीबी आहे आणि चहाला वेळच मिळत नाही. स्पीडच्या आकड्यासाठी मी एवढा जीव काढला, फरक पडला तो जीबीने.

ती डीडीआर३एलची ८ जीबी मात्र पहिला दुकानदार परत घ्यायला तयार नाही, ड्रॉवरमध्ये पडून आहे, कुणाकडे त्यात चालणारा जुना लॅपटॉप असेल तर सांगा, पण आधी लेबलचा फोटो पाठवा.