बारावी ओळ

"आणि हे? हे कुठल्या ओळीत लिहाल?" न्यू जर्सीतल्या आमच्या पॅरालीगलच्या, म्हणजे वकिलाच्या मदतनिसांच्या, वर्गात आज बाईंनी माझ्या मंगळसूत्राकडे पाहून विचारलं.

आम्ही एका काल्पनिक कर्जदाराचा चॅप्टर ७ चा, म्हणजे दिवाळखोरीचा, अर्ज भरत होतो. शेड्यूल ए/बी म्हणजे त्याच्याकडे जे जे आहे त्याची यादी. गाडी, सोफा, टीव्ही. तेराव्या ओळीत कुत्रा-मांजरसुद्धा. दागिने बाराव्या ओळीत, आणि किंमत आजची, विकायला काढलं तर येईल ती.

मंगळसूत्राची अशी किंमत मी कधी काढलीच नव्हती. मनात वजन आणि भाव यांचा गुणाकार सुरू झाला आणि एकदम नकोसं वाटलं.

"लिहिलं म्हणजे गेलं असं नाही," बाई म्हणाल्या. "लपवलं तर मात्र सगळंच धोक्यात." खरंच, फेडरल, म्हणजे केंद्रीय कायद्याच्या, सवलतीत २,१२५ डॉलरपर्यंतचे वापरातले दागिने कर्जदाराकडेच राहतात. अर्ज दाखल होताच, दिवाळखोरी कायद्याच्या कलम ३६२ मुळे, वसुलीचे फोनही थांबवावे लागतात.

आमच्याकडे कर्ज झालं की आधी बाईच्या अंगावरचं मोडलेलं पाहिलंय. आणि 'दिवाळं' हा शब्द तर कायम दबक्या आवाजात.

कायदेशीर सल्ला मला देता येणार नाही, ते वकिलाचं काम. पण यादी करताना समोर बहुतेक मीच बसलेली असेन. आपल्यातलीच एखादी बाराव्या ओळीशी थांबली, तिचा हात गळ्याकडे गेला, तर पुढचा प्रश्न तिला कसा विचारू?