घर वाढवावं की बदलावं

शनिवार, रात्री

पाऊस ओसरला की आमच्याकडे हा विषय निघतो. गोव्यात बांधकामाला महिने मोजकेच मिळतात. दिवाळीनंतर पाया खणला तर मे संपायच्या आत वर काहीतरी येतं, नाहीतर अर्धवट भिंतींवर प्लास्टिक घालून चार महिने बसायचं. म्हणून दर दिवाळीला आम्ही पोहे खाता खाता बोलतो आणि पोहे संपले की ‘यंदा राहू दे’ म्हणून उठतो.

यंदा ते जमणार नाही. आईंचा, म्हणजे सासूबाईंचा, गुडघा गेलाय. आमचा संडास मागच्या अंगाला, दारातून तीन पायऱ्या उतरून. जांभ्याच्या पायऱ्या, पावसाळ्यात त्यांवर शेवाळ. डॉक्टरांनी वॉकर दिला, पण वॉकरला पायऱ्या उतरता येत नाहीत. रात्री त्या उठल्या की मी उठते, मी उठले की लेकीची झोप मोडते. ती बारावीला आहे आणि तिचं टेबल माजघरात आहे, म्हणजे साऱ्या घराच्या वाटेवर.

येणारा-जाणारा म्हणतो, केवढं मोठं घर! आहेच मोठं. पडवी, चौक, माजघर, देवखोली. गणपतीच्या चवथीला पन्नास पानं उठतात. पण दार लावून बसावं म्हटलं तर खोल्या दोनच. बांधणाऱ्यांना माणसं जमवायची होती, कुणाला एकटं बसायचं असेल हे त्यांच्या डोक्यातच आलं नसावं.

तेव्हा दोनच वाटा. मागे किंवा बाजूला दोन खोल्या आणि न्हाणी-संडास जोडून घ्यायचा. नाहीतर घराला कुलूप लावून पणजीजवळ पर्वरीला फ्लॅट घ्यायचा. नवऱ्याचं ऑफिस पणजीत, मुलांचे क्लास पणजीत. आमच्या म्हार्दोळहून रोज वीसेक किलोमीटर जाणं आणि तेवढंच येणं.

रविवार

फ्लॅट बघून आलो. चौथा मजला, लिफ्ट, दोन बेडरूम, दोन्हींना बाथरूम. पांढऱ्या टाइल्स. दारात पायरी नाही, उंबरठा नाही, हे मी सगळ्यात आधी पाहिलं. दाखवणारा मुलगा क्षेत्रफळ सांगताना ‘सुपर बिल्टअप’चा, म्हणजे जिना-लिफ्टची जागाही धरून फुगवलेला, आकडा सांगत होता. रेराचा, म्हणजे घरबांधणी व्यवसायावरचा, कायदा २०१६ सालचा, कार्पेट एरिया, म्हणजे घराच्या आतली जागा, सांगायला हवा हे आता शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहे. मी विचारल्यावर त्याने दुसरा कागद काढला आणि आकडा एका खोलीएवढा खाली आला. इमारतीचं काम चालू आहे, म्हणून वर ५ टक्के जीएसटी. पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या फ्लॅटवर तो लागत नाही, पण तसले फ्लॅट त्याहून महाग. मग स्टॅम्प ड्युटी, नोंदणी, पार्किंग. सगळं धरून नव्वद लाखांच्या घरात जातं.

परतताना पर्वरीच्या उड्डाणपुलाच्या कामात अडकलो आणि ऑफिस जवळ येईल हा मुद्दा तिथेच निम्मा झाला.

आई गाडीतून उतरल्याच नव्हत्या. घरी आल्यावर म्हणाल्या, “म्हाका खंयच वचपाचें ना.” मला कुठंच जायचं नाही. मग टीव्ही लावला. विषय त्यांच्यापुरता संपला.

बुधवार

मेस्त, म्हणजे गवंडी, येऊन गेला. वाटलं होतं टेप काढेल, लांबी-रुंदी लिहील, दर सांगेल. त्याने आधी घराला प्रदक्षिणा घातली. पुढची भिंत चिऱ्यांची, ती हाताने थोपटली. मागच्या भिंतीशी आला आणि खिशातून जाड खिळा काढून गिलाव्यात टोचला. बोटभर चुना सुटला, मग खिळा तसाच आत गेला, लोण्यात जावा तसा. बाहेर आला तेव्हा टोकाला तांबडी ओली माती. “मातीची भिंत,” तो म्हणाला. इतकी वर्षं मी त्या भिंतीला दिनदर्शिका टांगते. ती चिऱ्यांचीच असणार असं सगळ्यांनीच धरलं होतं.

म्हणजे वर मजला चढवायचा विषय बाद. मातीची भिंत स्वतःच्या अंगावरचं छप्पर पेलते तेवढं पुरे. जोडायचं ते बाजूला, स्वतःच्या पायावर, स्वतःच्या खांबांवर. नवऱ्याने विचारलं, नवी भिंत जुनीत दात घालून नीट बसवता येईल ना? मेस्त हसला. नवा पाया पहिल्या एक-दोन पावसाळ्यांत थोडा बसतोच, जुना केव्हाच बसून गेलाय. दोघांना एकत्र बांधलं तर नवं खाली जाताना जुन्याला ओढतं आणि तडा मातीच्या भिंतीला जातो. त्यापेक्षा मध्ये सांधा सोडायचा, तो वरून पत्र्याने झाकायचा आणि नव्या खोलीची स्लॅब जुन्या कौलांच्या पाघोळ्यांच्या खाली ठेवायची. गोव्यात जोडलेल्या खोल्या गळतात त्या इथेच, जुन्या कौलांवरचं पाणी नव्या स्लॅबवर कोसळतं त्या जागी. पन्हळ रुंद हवी आणि पाला काढायला हात पोचला पाहिजे, हे त्याने दोनदा सांगितलं.

जागा ठरली ती गोठ्याची. गोठा पडून जमाना झाला, जोतं तेवढं उरलंय. मागे सरकता येत नाही, कारण मागे कुळागर, म्हणजे माड-पोफळींची बाग, आहे आणि २०२१च्या प्रादेशिक आराखड्यात ती पट्टी बागायतीत जाते. गोठ्याच्या कोपऱ्यावर एक माड आहे, नेमका जिथे खांब यायचा तिथे. वृक्षसंरक्षण कायदा १९८४चा, तेव्हा परवानगी काढावी लागणार. २०१६ला माड म्हणजे झाडच नव्हे अशी दुरुस्ती झाली होती, तेव्हा बांधलं असतं तर कुणी विचारलं नसतं. पुढच्याच वर्षी त्याला पुन्हा झाड केलं आणि वर राज्यवृक्षही. आईंनी तो माड लावलाय. परवानगी मिळाली तरी तो पाडायचा नाही, खोली दोन फूट सरकवायची, असं ठरलं. मेस्तने कपाळाला हात लावला, पण लिहून घेतलं.

साडेचारशे चौरस फूट, दर अडीच हजार. सव्वाअकरा लाख. फ्लॅटच्या आकड्यापुढे हे ऐकून आम्ही दोघंही इतके खूश झालो की रात्री टाइल्सचे रंग बघत बसलो.

शुक्रवार

आज खरी गोष्ट कळली.

ड्राफ्ट्समनने कागद मागितले. पंचायतीचा परवाना, नगरनियोजन खात्याची तांत्रिक मंजुरी, आरोग्य केंद्राचा ना हरकत दाखला, हे सगळं नंतर. आधी एक-चौदाचा उतारा, म्हणजे जमीन कुणाच्या नावावर ते सांगणारा, आणि सर्व्हेचा नकाशा. घरपट्टी आमच्या नावावर आहे म्हणून आम्ही निर्धास्त होतो, पण घरपट्टीची पावती मालकी सांगत नाही. उताऱ्यावर नाव आजेसासऱ्यांचं. ते जाऊन कितीतरी वर्षं झाली. नकाशा सत्तरच्या दशकातल्या सर्व्हेचा. त्यात घर आहे, विहीर आहे आणि गोठा अजून शाबूत आहे, नीट चौकोन काढून.

वकिलांकडे गेलो. त्यांनी एक कोरा कागद ओढला आणि वंशावळ काढायला सुरुवात केली. आजेसासऱ्यांना तीन मुलं, आमचे सासरे, काका आणि आत्या. प्रत्येकाला एक तृतीयांश. आत्या मुलगी, लग्न होऊन बेळगावला गेली, म्हणून तिचा वाटा कमी होत नाही. गोव्यात तो कधीच कमी नव्हता. १८६७च्या पोर्तुगीज दिवाणी संहितेत मुलगा-मुलगी सारखेच होते आणि वारशाची कलमं आता गोव्याच्या २०१२च्या कायद्यात आली तरी ते तसंच आहे. मग सासऱ्यांच्या तृतीयांशातला अर्धा आईंचा, कारण लग्न सामाईक मालमत्तेचं. उरलेल्या अर्ध्याचे तीन भाग, दादा, ताई आणि माझा नवरा.

वकिलांनी पेन टेकवून आकडा लिहिला. नवऱ्याचा हिस्सा अठरावा.

आणि त्यात अर्धी मी. ज्या घराचा केर मी रोज काढते, त्याचा छत्तिसावा भाग माझा. आईंचा सहावा धरला तरी ह्या छपराखाली राहणाऱ्या सगळ्यांचे मिळून अठरातले चारच. बाकीचे चौदा मुंबईत, वास्कोत, बेळगावात आणि कॅनडात. प्रत्येकाच्या नवऱ्याची किंवा बायकोचीही सही लागेल, तेही मालकच.

आमच्या शेजारचं घर एकेकाळी आमच्या भाटातल्या, म्हणजे बागेतल्या, मुंडकाराचं, म्हणजे आमच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्याचं. १९७५च्या मुंडकार कायद्याने पंचायत क्षेत्रात ३०० चौरस मीटरपर्यंत जागा विकत घेता येते. त्यांनी ती घेतली, मामलेदाराकडून रीतसर, एकाच नावावर. मागच्या वर्षी त्यांनी वर मजला चढवला, कुणाला विचारावं लागलं नाही. आम्ही भाटकार, जमिनीचे मालक म्हणून मिरवणारे, आम्हाला संडास बांधायला कॅनडाची सही हवी. हे मी नवऱ्याला बोलून दाखवलं. त्याला हसू आलं नाही.

शनिवार

नवऱ्याचा मित्र म्हणतो, कशाला एवढं, बांधून टाका, मागाहून रेग्युलराइझ होतं. आमच्या गावात हेच चालतं आणि हे ऐकून माझं डोकं फिरतं. बेकायदा बांधकामं नियमित करायचा २०१६चा कायदा २८ फेब्रुवारी २०१४च्या आधीच्या बांधकामांसाठी आहे. आणि समजा उद्या आणखी एखादा आला, तरी पंचायतीत तक्रार करायला बाहेरचं कोणी लागत नाही. अठरातले चौदा पुरेत.

रविवार, दुपारी

टाइल्सचे रंग बाजूला ठेवून हिशेब केला. खर्च सव्वाअकरा लाख. फ्लॅटमध्ये घातलेला पैसा विकला की परत येतो, बहुधा वाढून. इथे घातलेला पैसा त्याच क्षणी सगळ्यांचा होतो. उद्या वाटणी झाली किंवा कोर्टात इन्व्हेंतार, म्हणजे वारसांच्या वाटणीचा खटला, लागलं, तर हे घर वारसांमध्येच बोली लावूनही जाऊ शकतं आणि जास्त बोली कॅनडाची असेल. म्हणजे ही गुंतवणूक नव्हेच. तसं म्हणून स्वतःची समजूत घालायची नाही, एवढं मी ठरवलं.

मग ते आहे तरी काय? भाडं. पणजीजवळ दोन बेडरूमचा फ्लॅट भाड्याने घेतला तर महिना वीस हजार धरायचे. त्या दराने सव्वाअकरा लाख म्हणजे पावणेपाच वर्षांचं भाडं. आम्ही इथे पावणेपाच वर्षं जरी नीट राहिलो, आई दाराला दार लागून असलेल्या न्हाणीत आपल्या पायांनी गेल्या, लेकीने दार लावून अभ्यास केला, तर पैसे फिटले. त्यापुढचं सगळं फुकट. नवऱ्याला हे गणित पटलं. तो बँकेत आहे, त्याला पटलं म्हणून मलाही जरा जास्त पटलं.

मात्र सगळ्यांनी सही करायच्या संमतीपत्रात वकिलांनी एक कलम सुचवलंय. खर्च आमचा आणि वाटणीच्या वेळी ह्या बांधकामाची किंमत आमच्या बाजूने धरायची. आईंना ते आवडलं नाही. घरातल्या घरात असले कागद कशाला, म्हणाल्या. मला ते हवंय. आज सगळे फोन उचलतात, चवथीला एका पंगतीत बसतात. ताईंची मुलं, काकांची नातवंडं मोठी झाली की अठराचे किती होतील आणि त्यातले किती जण एकमेकांना ओळखतील, कोण सांगणार. सोबत वारसनोंदीचं काम, सक्सेशन डीड, विशेष नोटरीकडे आत्ताच सुरू करायचं. खोलीपेक्षा ते जास्त गरजेचं होतं, खोलीमुळे निघालं इतकंच.

मंगळवार

फोन झाले. ताई एका मिनिटात हो म्हणाल्या, आईंचा संडास म्हटल्यावर त्यांनी पुढे ऐकलंच नाही. मुंबईच्या काकूंनी कागद पाठवा म्हटलं. बेळगावच्या आत्तेभावाने सरळ विचारलं, “उद्या वाटणी झाली तर ती खोली कोणाची?” प्रश्न रास्त होता, मी कलम वाचून दाखवलं. तो म्हणाला, बरं केलंत, आमच्या घरात असं कुणी लिहून ठेवलं असतं तर आम्ही दोघे भाऊ आज बोलत असतो.

वास्कोच्या वहिनींची अट एकच. चवथीचे पाच दिवस ती खोली त्यांची, न्हाणीसकट. इतकी वर्षं दादा आणि त्या माजघरात गादी घालून झोपतात, पहाटे माटोळी, म्हणजे गणपतीवरची फळाफुलांची चौकट, बांधायला उठणारे लोक त्यांना ओलांडून जातात. मी म्हटलं, खोली तुमची, पण एसी हवा असेल तर येताना घेऊन या. त्या म्हणाल्या, आणते.

कॅनडाच्या चुलत दिराने मुखत्यारपत्र तिथल्या भारतीय वकिलातीतून करून पाठवायचं कबूल केलंय. पर्वरीच्या मुलाचा दोनदा फोन आला, त्याला नाही कळवलं. मेस्त बयाणा मागतोय, चिऱ्यांचा दर वाढेल म्हणतो. वाढू दे. कॅनडाचा कागद हातात आल्याशिवाय मी त्याला एक रुपया देणार नाही.