उजेडापायी गेलेला ब्रेक

सुदामानगरात आमच्या ओळखीचे एक मंडपवाले आहेत. वडिलांच्या वेळची टाटा २०७, डिझेलवरची पिकअप, त्यांच्या दारात उभी असते. वय झालंय तिचं, पण लग्नसराईत बांबू, दऱ्या, कढया घेऊन अजून महेश्वरपर्यंत जाते. त्यांच्या मुलानं सुट्टीत घरीच तिला नवं रूप द्यायचं मनावर घेतलं होतं. मी ऑटो इलेक्ट्रिशियन. मला फोन आला तो एवढ्यासाठीच, की टपावर बसवलेल्या एलईडी बारचा फ्यूज सारखा उडतोय.

"काका, बाकी सगळं झालंय. फक्त फ्यूज बघायचा."

गेलो. खरं सांगतो, पोराचं काम बघून बरं वाटलं. नाहीतर इंदूरच्या निम्म्या गाड्यांत तारा पिळून त्यावर चिकटपट्टी गुंडाळलेली असते. यानं प्रत्येक तारेवर स्लीव्ह चढवली होती, थिंबल दाबून बसवले होते, मागचा कॅमेरासुद्धा नीट जोडला होता. फ्यूजचं कोडं तर उभ्या उभ्याच सुटलं. बार १८० वॉटचा, चालू गाडीचे चौदाएक व्होल्ट, म्हणजे १३ अँपिअर ओढणार, आणि फ्यूज १० चा. भागाकार केला की झालं.

ऊन डोक्यावर आलं होतं, म्हणून गाडी जरा मागे घेऊन लिंबाच्या सावलीत लावावी म्हटलं. फाटकाबाहेर रस्त्याला थोडा उतार आहे. ब्रेकवर पाय ठेवला तर पेडल दगडासारखं. गाडी मागे सरकतच राहिली. दोन्ही पायांचा जोर दिला तेव्हा समोरच्यांच्या स्कूटरपासून हातभर अंतरावर थांबली. एरवी मी घाबरणारा माणूस नाही, पण गणपती घाटाचा उतार डोळ्यांपुढे आला. महेश्वरच्या वाटेवर मानपूर सोडल्यावर लागायचा तो उतार. तिथे ब्रेक निकामी झालेल्या ट्रकांच्या बातम्या इंदुरात कोणी वाचलेल्या नाहीत?

"ब्रेक असाच आहे हल्ली," मंडपवाले शांतपणे म्हणाले. "मिस्त्रीनं मास्टर सिलिंडर बदलला, चारी चाकं खोलून साफ केली. म्हणाला, जुनी गाडी आहे, इतपत राहणारच."

"हल्ली म्हणजे कधीपासून?"

बापलेकांनी एकमेकांकडे पाहिलं. गाडीचं काम काढल्यापासून.

ब्रेक हा माझा प्रांत नव्हे, पण एक तपासणी कोणालाही करता येते. इंजिन बंद करून पेडल चार-पाचदा दाबायचं, मग दाबून धरूनच इंजिन सुरू करायचं. ब्रेकचा बूस्टर, म्हणजे व्हॅक्युमच्या, हवा ओढून केलेल्या पोकळीच्या जोरावर पायाला मदत करणारा डबा, धड असेल तर पेडल पायाखाली थोडं खाली जातं. इथे ते तसूभरही हललं नाही. म्हणजे बूस्टरला व्हॅक्युम मिळतच नव्हता. बॉनेट उघडलं, बूस्टरची जाड नळी हातात धरून तिच्या मागे मागे गेलो, आणि ती जिथे पोचली ते पाहून कपाळावर हात मारायचा बाकी राहिला. नळी थेट इनटेक मॅनिफोल्डला, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या पाइपाला!

अल्टरनेटर नवा होता. कुठल्यातरी पेट्रोल कारचा, ९० अँपिअरचा, फॅब्रिकेटरकडून ब्रॅकेट वेल्ड करून बसवलेला. आता, अशा बऱ्याच जुन्या डिझेल गाड्यांत अल्टरनेटर नुसती वीज तयार करत नाही. त्याच्या पाठीवर त्याच शाफ्टवर फिरणारा छोटा व्हॅक्युम पंप असतो. इंजिनमधून बारीक पाइपनं त्याला ऑइल येतं, जाड नळीनं ते परत चेंबरमध्ये जातं, आणि तिसरी नळी ब्रेक बूस्टरला. पेट्रोल कारच्या अल्टरनेटरला हे शेपूट नसतं. पोराकडे नळ्या उरल्या. ऑइलच्या दोन्ही वाटा त्यानं बोल्ट आणि क्लिप लावून बंद केल्या, अगदी थेंबही गळत नव्हता, आणि तिसरी नळी व्हिडिओत दाखवली होती तशी मॅनिफोल्डला जोडली. व्हिडिओ अर्थातच पेट्रोल गाडीचा.

"पण काका, इंजिन हवा ओढतंच ना?" त्यानं विचारलं. प्रश्न चांगला होता. मी पेटीतून फूटभर रबरी नळी काढून त्याच्या हातात दिली.

"ओढ हवा."

ओढली.

"आता दुसऱ्या तोंडावर बोट ठेवून ओढ."

त्याचे गाल आत गेले आणि चेहऱ्यावर सगळं उमटलं. पेट्रोल इंजिनात थ्रॉटलची झडप हवेची वाट अडवते, म्हणून मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्युम होतो. या जुन्या डिझेलला ती झडपच नाही. हवा मोकळी आत जाते, वेग सांभाळला जातो तो डिझेल कमी-जास्त करून. टर्बो असता तर मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्युम सोडाच, उलट दाब असता. नऊ इंची बूस्टर धरला तर चांगल्या व्हॅक्युमवर बाहेरची हवा त्याच्या डायफ्रामला तीनशे किलोंच्या वर जोर लावते. तो सगळा जोर गेला होता आणि मंडपवाले नुसत्या मांडीच्या बळावर भरलेली गाडी थांबवत होते.

मला मात्र दुसरीच गोष्ट खटकत होती. अल्टरनेटर बदलायचं कारण काय? तर हेडलाइट पिवळे, मिणमिणते. पोरानं ठरवलं, वीज कमी पडते. मी मीटर लावला. इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.९ व्होल्ट, बल्बच्या होल्डरवर ११.५. नव्वद अँपिअरवालं धूड बसवल्यावरही! वीज वाटेत मरत होती, जुन्या स्विचच्या काळवंडलेल्या पॉइंटांत आणि बारीक तारांत. हॅलोजनचं गणित क्रूर असतं, व्होल्ट दहा टक्के घटले की उजेड तीस टक्क्यांच्या आसपास घटतो. दोन रिले, म्हणजे स्विचच्या इशाऱ्यावर दिव्याला थेट वीज सोडणाऱ्या डब्या, बॅटरीवरून फ्यूज घालून आणलेली जाड तार आणि बॉडीला खरवडून दिलेलं अर्थिंग, एवढंच काम होतं. जुना अल्टरनेटर ४५ अँपिअरचा. हेडलाइटचे १०, बारचे १३, वायपर, केबिनचा पंखा, गाणी, सगळं धरूनही बेरीज पस्तिशीच्या आत येत होती.

जुना कबाड्याला गेला असेल या हिशेबानं मी लोहामंडीत कोणाला फोन करावा ते आठवत होतो. तेवढ्यात घरातून आजी म्हणाल्या, "ते जड धूड ना? दऱ्यांच्या खोलीत आहे. मी देऊ दिलं नाही." त्या घरात कोणी काही टाकू शकत नाही, आणि त्या दिवशी ते फळाला आलं.

पंप उघडला. पात्या झिजल्या होत्या. किट आणून पात्या, ओ-रिंग, बेअरिंग, ब्रश सगळं नवं घातलं. ऑइलच्या पाइपातला बोल्ट काढून तो धुऊन घेतला. मॅनिफोल्डचं भोक पक्कं बंद केलं, नाहीतर तिथून धूळ इंजिनात. गाडी सुरू केल्यावर व्हॅक्युम गेजचा काटा चढत चढत पाऱ्याच्या २४ इंचांवर स्थिरावला. पेडल दाबून चावी मारली तर ते पायाखाली अलगद खाली गेलं. मंडपवाल्यांनी रिकाम्या रस्त्यावर एक चक्कर मारली आणि पहिल्याच ब्रेकला स्वतः स्टिअरिंगवर आदळले, इतकी त्यांच्या पायाला जोर लावायची सवय झाली होती.

रिले घातल्यावर बल्बवर १३.४ व्होल्ट आले. बार हाय बीमवर जोडा, असा पोराचा हट्ट होता. तो मी मानला नाही. समोरच्याला आंधळं करणारा दिवा रस्त्यावर लावणं नियमात बसत नाही आणि मला पटतही नाही. २० चा फ्यूज, त्याला झेपेल अशी तार, रिले आणि वेगळा स्विच दिला, आणि बार मागे तोंड करून बसवला. रात्री सामान उतरवताना उपयोगी पडतो.

मास्टर सिलिंडरचे पैसे गेले ते गेलेच. ९० अँपिअरचा तो अल्टरनेटर पोरानं माझ्याकडेच टाकलाय, गिऱ्हाईक मिळालं तर विका म्हणून. माल उत्तम आहे. फक्त पेट्रोल गाडीवालाच हवा.