ब्रॅम्प्टन सोडून प्रिन्स एडवर्ड आयलंडला

कॅनडातला माझा वर्क परमिट संपत आला होता आणि एक्स्प्रेस एंट्रीत, म्हणजे कायमच्या वास्तव्यासाठीच्या गुणांच्या यादीत, माझे गुण काही केल्या कटऑफपर्यंत पोचत नव्हते. ओंटारिओ प्रांतातल्या ब्रॅम्प्टनमध्ये जो तो एकच सांगायचा, पीईआयला (प्रिन्स एडवर्ड आयलंड प्रांतात) जा, दुकानात नोकरी धर, पीआर (कायमचं वास्तव्य) झालाच समज. हा सल्ला तेव्हाच शिळा झाला होता. २०२४ च्या सुरुवातीला त्या प्रांताने विक्री आणि खानपान क्षेत्रातली नामांकनं, म्हणजे पीआरसाठी प्रांत करतो त्या शिफारशी, चांगलीच छाटली, आणि त्याविरोधात मे महिन्यात राजधानी शार्लटटाउनमध्ये आपली भारतीय मुलं उपोषणाला बसली. आरोग्यसेवेला मात्र प्राधान्य कायम होतं. त्यामुळे नर्सिंग होममधल्या (इथे म्हणजे वृद्धांची काळजी घेणारी संस्था) नोकरीचं पत्र हातात पडल्यावरच मी सामान बांधायला घेतलं. नवरा म्हणत होता, आधी जाऊन बघू. मी ऐकलं नाही, ते बरंच झालं.

खरी दमछाक झाली घर शोधताना. बऱ्याच जाहिरातींत भाड्याची मुदत सप्टेंबर ते जून. उन्हाळ्यात त्याच खोल्या पर्यटकांना चढ्या दराने जातात. भाडेकरूने ते दोन महिने कुठे काढायचे, हा त्याचा प्रश्न! शेवटी एका बाईंनी फोनवर विचारलं, "नोकरी कुठे?" मी नर्सिंग होमचं नाव सांगितलं. त्यांची मावशी तिथेच होती. पगाराच्या पावत्या, क्रेडिट स्कोअर, काही न मागता घर मिळालं. इथल्या कायद्यात भाडं घराला बांधलेलं असतं, भाडेकरू बदलला म्हणून मालकाला ते मनमानी वाढवता येत नाही. म्हणून आधीचा भाडेकरू किती देत होता, हे नक्की विचारा.

२०२१ च्या जनगणनेत या प्रांताची लोकसंख्या १,५४,३३१ होती. एवढ्याशा जागेत ओळखीने कामं झटपट होतात. पण त्याच ओळखीपायी आपण सुट्टीच्या दिवशी काय विकत घेतलं, हेही सोमवारी कामावर कळलेलं असतं.

हेल्थ कार्डाचं सोपं आहे. दुसऱ्या प्रांतातून आलात, तर इथलं कव्हर तिसऱ्या महिन्याच्या पहिल्या तारखेपासून. तोवर जुना प्रांत खर्च उचलतो. ओंटारिओचं कार्ड फेकू नका. फॅमिली डॉक्टर मात्र मिळणं कठीण. यादीत नाव घातलंय, तोवर अपॉइंटमेंटशिवाय बघणारं वॉक-इन क्लिनिक. हृदयाची शस्त्रक्रिया इथे होतच नाही, प्रांताबाहेर जावं लागतं, हॅलिफॅक्सला म्हणजे गाडीने साडेतीन-चार तास. आई-वडिलांना इथे आणायचा विचार असेल, तर हे आधी लक्षात घ्या.

मुख्य भूमीला जोडणारा कॉन्फेडरेशन पूल १२.९ किलोमीटर लांब. १९९७ मध्ये तो झाला. टोल फक्त बाहेर पडताना लागतो, अगदी अभिमन्यूच्या चक्रव्यूहासारखं! पूर्वी कारला पन्नास डॉलरच्या वर पडायचे, ऑगस्ट २०२५ पासून वीस झाले. वारा सुटला की उंच ट्रक पुलावर सोडत नाहीत आणि मग दुकानातली भाजीची फळी रिकामी दिसते. पोहे, तूरडाळ शार्लटटाउनमध्ये मिळतात. कोकम आणि भाजणी अजून ब्रॅम्प्टनहून मागवते.

उन्हाळा सुंदर, वादच नाही. तांबडी माती, बटाट्याची शेतं, कुठूनही थोडक्यात समुद्र. पण सप्टेंबर २०२२ मध्ये फिओना वादळानंतर काही घरांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती, हे शेजारीण अजून सांगते. तिच्या सांगण्यावरून मी गॅसची छोटी शेगडी घेऊन ठेवली. ती अंगणातच पेटवायची, घरात नाही, हेही तिनेच बजावलं.

नामांकन आलं, पण वाट बघायला लावून. २०२५ मध्ये केंद्राने सगळ्याच प्रांतांचा नामांकनांचा कोटा निम्म्यावर आणला होता. आता अडलंय ते नवऱ्याच्या नोकरीपाशी. तो उन्हाळ्यात हॉटेलात काम करतो, ऑक्टोबरनंतर तिथे तास मिळत नाहीत. पीआर हातात आल्यावर त्याला इथे बारमाही काम मिळालं तर राहू. नाहीतर पुलापलीकडे, न्यू ब्रन्स्विक प्रांतातल्या मंक्टनला अर्ज करायचं त्याने आत्तापासूनच काढलंय आणि मीही त्याला अडवलेलं नाही.