पुनर्विकासात गेलेल्या इमारतीचं टपाल

मुंबई-पुण्यातली जुनी सोसायटी पुनर्विकासाला गेली की सभासदांचं सगळं लक्ष कॉर्पस (बिल्डरकडून मिळणारी एकरकमी रक्कम), भाडं, कार्पेट एरिया आणि पार्किंगवर असतं. सामान हलवायचा दर चार ठिकाणी विचारला जातो, पण टपालाचं काय करायचं हा विषय सर्वसाधारण सभेत कुणी काढत नाही. महिन्या-दोन महिन्यांनी पोस्टमन येतो तेव्हा समोर निळे पत्रे ठोकलेले असतात आणि आत पोकलेन चालू असतो. चाळीस बिऱ्हाडं चाळीस दिशांना गेलेली. वॉचमन बिल्डरचा, त्याला जुनं एकही नाव माहीत नाही.

त्या पत्राचं पुढे काय होतं? बीटचा, म्हणजे वाटपाच्या ठरलेल्या भागाचा, कायमचा पोस्टमन असेल तर तो थोडे दिवस पत्रं बाजूला ठेवतो, कुणाचा फोन नंबर माहीत असेल तर फोनही करतो. पण हा त्याचा चांगुलपणा झाला, यंत्रणा नव्हे. तो रजेवर गेला की बदली माणूस ‘लेफ्ट’ असा शेरा मारून पत्र परत पाठवतो आणि नियमाने त्याचं काहीच चुकत नाही. मागे पाठवणाऱ्याचा पत्ता नसेल तर पत्र रिटर्न्ड लेटर ऑफिसात जातं, ज्याला जुनी माणसं अजून डेड लेटर ऑफिस म्हणतात. पाठवणाऱ्याचा पत्ता शोधण्यासाठी तिथे ते उघडलं जातं.

यावर पहिला उपाय म्हणजे टपाल नव्या पत्त्यावर वळवण्याचा लेखी अर्ज. इथली नेहमीची चूक म्हणजे लोक तो नव्या घराजवळच्या पोस्टात नेऊन देतात. अर्ज जुन्या पत्त्यावर टपाल वाटणाऱ्या पोस्टात द्यायचा असतो, कारण पत्र वळणार तिथूनच. त्यातही कोपऱ्यावरचं पोस्ट म्हणजे वाटप करणारं पोस्ट असं धरून चालू नका. बऱ्याच छोट्या पोस्टांत फक्त काउंटर असतो, पोस्टमन दुसऱ्याच कार्यालयातून निघतात. तुमचं बीट कुठल्या पोस्टाचं, हे घर सोडण्याआधी पोस्टमनलाच विचारून ठेवा.

अर्ज साध्या कागदावर पोस्टमास्तरांच्या नावे चालतो. त्यात इमारतीच्या नावासह पूर्ण जुना पत्ता, पिनसह नवा पत्ता, मोबाइल नंबर, तारीख आणि सही हवी. नावं मात्र पाकिटांवर जशी येतात तशी सगळी लिहा. आईचं टपाल सासरच्या नावाने येतं, पण तिचं जुनं पोस्टाचं पासबुक माहेरच्या नावाने असतं. बाबांचं एलआयसीचं पत्र आद्याक्षरांसह येतं आणि पेन्शनचं पूर्ण नावाने. घरातल्या प्रत्येक प्रौढ माणसाची स्वतंत्र सही घ्या. ओळखपत्राची प्रत जोडा आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्क्यासह पोच घ्या. ही सूचना ठरावीक मुदतीपुरती असते आणि पुनर्विकास काही तीन महिन्यांत उरकत नाही. मुदत कधी संपते ते अर्ज देतानाच विचारून कॅलेंडरवर लिहा, म्हणजे नूतनीकरण राहून जाणार नाही. सेक्रेटरीने सर्वांचे अर्ज गोळा करून एक यादी लेटरहेडवर दिली तर पोस्टमनचं कामही सोपं होतं.

एवढं करूनही सगळं टपाल वळत नाही. खाजगी कुरिअरवाल्याचा या अर्जाशी काही संबंध नाही. बँकेची कार्डं ज्या पाकिटात येतात त्यावर बहुतेक वेळा ‘दुसऱ्या पत्त्यावर पाठवू नये, परत करावे’ अशा अर्थाची सूचना छापलेली असते, आणि सुरक्षेच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. पासपोर्ट स्पीड पोस्टाने अर्जातल्या पत्त्यावरच जातो आणि ओळख पटवून अर्जदाराच्याच हातात दिला जातो. वाटप झालं नाही की पासपोर्ट कार्यालयाकडे परत. म्हणून चाव्या द्यायच्या आसपास पासपोर्टचा किंवा कार्डाचा अर्ज चालू असेल तर तो आधी मार्गी लावा.

नवा पत्ता कळवताना पिनची चूक हमखास होते. 15 ऑगस्ट 1972 ला ही पद्धत सुरू झाली, ती मुख्यतः सारख्या नावांचा घोळ मिटवायला. ती आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृत कवीही. सहा आकड्यांतला पहिला विभागाचा, पहिले तीन मिळून टपालाच्या वर्गवारीचा (सॉर्टिंगचा) जिल्हा सांगतात आणि शेवटचे तीन वाटप करणारं पोस्ट. आता पुण्यातली गंमत बघा: वडगाव शेरी 411014 आणि वडगाव बुद्रुक 411041. शेवटचे दोन आकडे उलटे पडले की पत्र शहराच्या दुसऱ्या टोकाला. वर वडगाव मावळ 412106 आहे आणि कोल्हापूरकडचं पेठ वडगाव 416112. नुसतं ‘वडगाव, पुणे’ लिहिणाऱ्याला देवच वाचवो.

आता खरा निर्णय: पत्ता कुठे बदलायचा आणि कुठे नाही. तीन-चार वर्षांनी परत येणार असाल तर सगळीकडे भाड्याचा पत्ता घालू नका. भाड्याचं घरही मधे एकदा बदलतंच. कायमचा पत्ता आणि पत्रव्यवहाराचा पत्ता हे दोन वेगळे रकाने असतात, त्यांचा फायदा घ्या. बँकेत आधारवरचा पत्ता तसाच ठेवून सध्याचा पत्ता स्वयंघोषणेने देता येतो. केवळ पत्ता बदलला असेल तर रिझर्व्ह बँकेच्या केवायसी नियमांप्रमाणे बँकेने स्वयंघोषणा घेऊन दोन महिन्यांत पडताळणी करायची असते. ही पडताळणी पुष्कळदा त्या पत्त्यावर काहीतरी पाठवूनच होते, म्हणून नव्या घराच्या दारावर आणि पत्रपेटीवर तुमचं नाव हवं. घरमालकाच्या पाटीखाली चिठ्ठी चिकटवली तरी पुरे.

पुरावा म्हणून लिव्ह अँड लायसन्सचा नोंदणीकृत करार जपून ठेवा. जुन्या घराचं वीजबिल लवकरच निरुपयोगी होतं, कारण पाडकामाआधी मीटर कायमचा काढतात आणि पुराव्यासाठी बहुतेक ठिकाणी दोन-तीन महिन्यांच्या आतलं बिल मागतात. आधार बदललं की बाकी सगळं आपोआप बदलतं, हा समज तर सोडूनच द्या. बँक, विमा, डीमॅट, पॅन यांच्या नोंदी वेगवेगळ्या आहेत. गाडीच्या आरसीसाठी मोटार वाहन कायद्याच्या कलम 49 मध्ये पत्ता बदलल्यावर कळवायला 30 दिवस दिले आहेत, हेही फारसं कुणी पाळत नाही.

सगळ्यात महाग पडतं ते कायदेशीर नोटिसांचं टपाल. बाकी पत्र हुकलं तर दुसरी प्रत मिळते, इथे मुदत चालू होते. समजा तुमचा चेक वटला नाही. निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम 138 खाली समोरच्याने बँकेकडून कळल्यापासून 30 दिवसांत लेखी नोटीस पाठवायची आणि ती मिळाल्यावर रक्कम द्यायला तुम्हाला 15 दिवस. नोटीस जुन्या पत्त्यावर गेली, ‘घर बंद’ किंवा ‘माणूस उपलब्ध नाही’ असा शेरा मारून परत आली, तर विषय संपत नाही. जनरल क्लॉजेस कायद्याच्या कलम 27 प्रमाणे योग्य पत्ता लिहून रजिस्टरने पाठवलेलं पत्र पोचलं असं गृहीत धरलं जातं. सी. सी. अलावी हाजी खटल्यात 2007 साली सर्वोच्च न्यायालयाने हे 138 च्या नोटिशीला लागू केलं आणि नोटीस मिळालीच नाही म्हणणाऱ्याला कोर्टाचं समन्स मिळाल्यापासून 15 दिवसांत पैसे भरण्याची वाट मोकळी ठेवली. पत्ता चुकीचा होता हे तुम्ही सिद्ध करू शकता. पण तुम्ही पत्ता बदलल्याचं कधी कळवलंच नसेल, तर वकिलाला फार काही करता येत नाही. म्हणून ज्यांच्याशी पैशांचा करार आहे त्यांना, म्हणजे कर्ज देणारी संस्था, भागीदार, भाडेकरू आणि खुद्द बिल्डर, नवा पत्ता लेखी कळवा आणि पोच ठेवा. 2025 मध्ये रजिस्टर्ड पोस्ट ही वेगळी सेवा स्पीड पोस्टात मिसळली गेली. आता स्पीड पोस्ट करताना ‘रजिस्ट्रेशन’ ही जादा सोय मागून घ्यायची.

भाड्याच्या घरात तुम्हालाही आधीच्या भाडेकरूची पत्रं येतील. ती उघडू नका, फाडू नका आणि वर्षभर चपलांच्या कपाटावर साठवूही नका. पत्त्यावर एक आडवी रेघ मारा, पण अक्षरं वाचता आली पाहिजेत. बाजूला ‘येथे राहत नाहीत’ लिहून त्याच दिवशी नाहीतर दुसऱ्या दिवशी पोस्टमनला द्या. नवा पत्ता माहीत असेल तर तोच लिहा. कुरिअरचं पाकीट लाल पेटीत टाकायचं नाही. त्याच्या चिकटपट्टीवर ज्या कंपनीचा नंबर असतो तिला फोन करायचा.

आणि परत आल्यावर हा सगळा खेळ उलटा. बी-7 चा आता 1102 झालेला असतो, आणि इमारतीच्या साध्या मराठी नावापुढे बिल्डरने ‘हाइट्स’ लावलेलं असतं. आधार, बँक, विमा सगळीकडे जुना फ्लॅट नंबर असतो आणि पोस्टमनलाही तोच पाठ असतो. भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्यावर सोसायटीने वाटप पोस्टाला एक तक्ता द्यावा: जुना नंबर, नवा नंबर, नाव. पत्ता लिहिताना पहिली दोन वर्षं कंसात ‘जुना बी-7’ ठेवा. खालच्या पत्रपेट्यांवरही दोन्ही नंबर रंगवून घ्या, बिल्डरने लावलेले स्टिकर पहिल्या पावसाळ्यातच निघून येतात.