दिवसाढवळ्या दिवा लावायचं लँडिंग

आमच्याकडे कुणी पहिल्यांदा वरच्या मजल्यावर गेलं की खालून आईचा आवाज ठरलेला, "सांभाळून हं, बाथरूमपाशी एक पायरी आहे!" बाहेर नेरुळचं दुपारी बाराचं ऊन, डोळे उघडवत नाहीत असं, आणि आत माणूस भिंत चाचपत चाललाय. आम्हाला सवय झाली होती. जिना चढताना डावा हात आपोआप बटणावर जायचा, टक, ट्यूब दोनदा फडफडणार, मग लागणार. तीस-पस्तीस वर्षं हेच.

घर म्हणजे रो हाउस, दोन्ही बाजूच्या भिंती शेजाऱ्यांशी सामाईक. म्हणजे उजेड येणार तो पुढून नाहीतर मागून. पुढच्या बेडरूमने पुढचा घेतला, मागच्या बेडरूमने मागचा घेतला आणि मधल्या लँडिंगच्या, म्हणजे जिना वरच्या मजल्याला लागतो त्या मोकळ्या जागेच्या, वाट्याला आली तीन बंद दारं. वर गच्चीकडे जाणारा जिना आहे, पण त्याच्या टोकाला लोखंडी दार आणि ते कायम कडी घालून, कारण मांजरं.

मागच्या वर्षी घराचं काम काढलं ते उजेडासाठी नाहीच. खाडीच्या हवेने स्लॅबच्या सळया फुगल्या होत्या, पोपडे पडायला लागले, एक दिवस ओट्यावरच्या कुकरवर ढपला पडला आणि बाबा म्हणाले आता बास. सगळं उकरायचंच आहे तर लँडिंगचंही बघू म्हटलं. पहिला जो कॉन्ट्रॅक्टर आला तो म्हणाला, "ताई, पॅनेल लाइट टाकू ना, डेलाइटवाला, एकदम दिवस असल्यासारखं वाटेल." आई तिथेच बसली होती. म्हणाली, "अहो पण दिवस असतोच की तेव्हा!" त्याला आम्ही काम दिलं नाही, वेगळ्या कारणाने, पण मला वाटतं मनात हेच होतं.

मग मी जो वेडेपणा केला तो असा की रात्र रात्र जागून इंग्लंडमधल्या लोकांचे घर दुरुस्तीचे व्हिडिओ बघितले. त्यांच्याकडेही अगदी अशीच घरं असतात, भिंतीला भिंत, मधे अंधारं लँडिंग, आणि ते लोक छताला भोक पाडून काच बसवतात आणि खाली उभं राहून रडतात वगैरे. मला पण तेच पाहिजे होतं. स्केच काढलं, मापं घेतली, गच्चीवर खडूने चौकोन आखला.

बाबांनी तो चौकोन बघितला आणि एवढंच विचारलं, "मे महिन्यात सूर्य कुठे असतो?"

हे डोक्यातच आलं नव्हतं. लंडन एक्कावन्न अंशांच्या वर, तिथे सूर्य कधीच डोक्यावर येत नाही, तिरकाच राहतो. आपण एकोणीस अंशांवर. मेच्या मध्याला आणि पुन्हा जुलैच्या शेवटी दुपारी तो बरोबर माथ्यावर असतो, सावली पायाखाली गायब. म्हणजे मी आखलेला तो चौकोन एप्रिल-मेमध्ये लँडिंगवर सरळ भट्टी लावणार होता. आणि मग जून ते सप्टेंबर, चार महिन्यांत साधारण अडीच हजार मिलिमीटर पाऊस, तो सगळा त्या आडव्या काचेवर. चार घरं सोडून एकांनी केलंय तसं, पॉलीकार्बोनेटचं, म्हणजे प्लॅस्टिकच्या पारदर्शक शीटचं. पहिलं वर्ष छान गेलं, सगळे बघायला गेलो होतो. मग शीट पिवळी पडत गेली, पावसात तर खाली बसून बोलता येत नाही इतका आवाज, ताशा वाजल्यासारखा, आणि कडेचं सिलिकॉन दर मे महिन्यात नवीन मारायला लागतं. आता त्यांनी वरून निळी ताडपत्री बांधलीय. म्हणजे पुन्हा अंधारच, फक्त निळा.

बाबा ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कारखान्यात आयुष्यभर होते. त्यांच्या शेडचं छप्पर आरीच्या दातांसारखं, एक बाजू उतरती पत्र्याची आणि एक बाजू उभी काचेची, आणि सगळ्या काचांची तोंडं उत्तरेकडे. गिरणगावातल्या जुन्या कापड गिरण्यांची छपरंही अशीच. उत्तरेकडून सहसा ऊन येत नाही, नुसता उजेड येतो, दिवसभर एकसारखा, धाग्याचा रंग सकाळी आणि दुपारी वेगळा दिसत नाही. "आम्हाला दिवसा कधी दिवे लागले नाहीत," बाबा म्हणाले, "आणि तू स्लॅब फोडतेस कशाला, आपल्याकडे केबिन आहे की."

केबिन म्हणजे जिना गच्चीवर जिथे उघडतो ती वरची छोटी खोली. दक्षिणेची भिंत शेजाऱ्यांच्या केबिनला लागून, पूर्वेला ते मांजरांचं दार, पश्चिमेला बंद भिंत आणि उत्तरेला नऊ फूट लांबीची नुसती कोरी भिंत, ज्यावर इतकी वर्षं फक्त डिशची वायर लटकत होती. स्ट्रक्चरल इंजिनियरला बोलावलं, त्याने ठोकून बघितलं, म्हणाला भार कॉलम-बीमवर आहे, ही नुसती भरलेली भिंत, बीमला हात न लावता खालचं उघडा. स्लॅबमधली एकही सळई कापायची नाही हे ऐकून मला जो आनंद झाला तो लग्नातही झाला नसेल. (तुम्हीही काही फोडणार असाल तर आधी इंजिनियर आणि परवानगीचं विचारून घ्या, मिस्त्री "काही होत नाही" म्हणतो तेव्हा तर नक्कीच.)

तर सहा बाय तीन फुटांची खिडकी, अगदी बीमखाली. मधे पक्की काच, लॅमिनेटेड, म्हणजे दोन काचांच्या मधे प्लॅस्टिकचा पातळ थर असतो, फुटली तरी तुकडे जागच्या जागी चिकटून राहतात. जिन्याच्या डोक्यावर साधी काच लावू नका. दोन टोकांना काचेच्या पट्ट्यांच्या खिडक्या, डासांची जाळी लावून, कारण गरम हवा वर चढते आणि तिला तिथून बाहेर जायला वाट पाहिजे. वर दीड फुटाचा छज्जा, छज्ज्याच्या खालच्या कडेला खाच म्हणजे पाणी ओघळून आत न येता तिथेच तुटतं, ग्रॅनाइटची फ्रेम बाहेरच्या बाजूला उतार देऊन. पश्चिमेला मात्र काही उघडलं नाही, आपला पाऊस तिकडूनच येऊन आपटतो.

भिंत फोडली त्या दिवशी आम्ही सगळे लँडिंगवर जमलो. वर धडाधड विटा पडतायत, धूळ, आणि मग वरून उजेड आला... आणि अर्ध्या जिन्यावर येऊन थांबला. खाली लँडिंग तसंच. म्हणजे अगदी तसंच नाही, पण काळोखाऐवजी संध्याकाळ झाली एवढंच. मी मोबाइलवर लक्स, म्हणजे उजेड मोजायचं एकक, मोजायचं अॅप टाकलं होतं, बाहेर गच्चीवर आकडा लाखाच्या जवळ आणि लँडिंगवर चौदा!

मिस्त्री साताऱ्याकडचे, फार बोलत नाहीत. त्यांनी थोडा वेळ बघितलं आणि जिन्याच्या कठड्यावर थापीने टकटक केलं. "ताई, उजेड हा खातोय." आमच्या जिन्याला तीन फुटी विटांचा भरीव कठडा होता, जुन्या पद्धतीचा, वर कडप्पा. वर जाणाऱ्या आणि खाली येणाऱ्या पायऱ्यांच्या मधे जणू भिंतच. आणि दुसरं म्हणजे वरच्या जिन्याची खालची बाजू, पोट म्हणतात ते त्याला, ते लँडिंगच्या बरोबर डोक्यावर येतं आणि त्याला कधीकाळी चॉकलेटी ऑइलपेंट मारलेला, डाग दिसू नयेत म्हणून. डाग नव्हते दिसत खरंच.

मी घरातली पांढरी चादर आणली, दोघांनी ती त्या पोटाला धरली. लँडिंगवरची आई म्हणाली, "अगंबाई, तुझा चेहरा दिसतोय!" फोटो स्टुडिओत थर्मोकोल धरतात ना, तेच. पांढरी भिंत तिच्यावर पडलेल्या उजेडातला ऐंशी टक्क्यांच्या आसपास परत फेकते, गडद चॉकलेटी आणि कडप्पा जवळजवळ सगळा गिळून बसतात. इतकी वर्षं आम्ही उजेड नाही म्हणत होतो, आणि जो थोडाफार येत होता तो आमचाच रंग खात होता.

मग कठडा गेला, लोखंडी बारीक सळ्यांचं रेलिंग आलं (सळ्यांमधलं अंतर चार इंचांपेक्षा कमी ठेवलं, भाचा दोन वर्षांचा आहे आणि त्याचं डोकं कुठेही जातं). पोट पांढरं, भिंती पांढऱ्या, चमक नसलेला रंग, नाहीतर डोळ्यांवर येतं. पायऱ्यांचा कडप्पा ठेवला, तो आईला सोडवेना आणि मलाही. दोन्ही बेडरूमच्या दारांवर वर व्हेंटिलेटरला धुरकट काच टाकली, त्यावरून माझं आणि नवऱ्याचं दोन दिवस वाजलं कारण रात्री कुणी लँडिंगचा दिवा लावला की खोलीत येतो. येतो. डोळ्यांवर पांघरूण घेतो तो. लँडिंगवर आता भर दुपारी एकशेवीसच्या आसपास लक्स असतात, पेपर वाचता येतो.

सगळं झालं तरी आई खूष नव्हती. उजेड आहे, पण "मेलेला" आहे म्हणाली. बाबा चिडले, उत्तरेचा उजेड असाच असतो, शांत. पण मला कळलं ती काय म्हणतेय. तिचं माहेर संगमेश्वरकडे, मंगळुरी कौलांचं घर, आणि स्वयंपाकघरावर त्याच आकाराचं एक काचेचं कौल. त्यातून कवडसा पडायचा, चुलीच्या धुरात तो तिरका खांब उभा असल्यासारखा दिसायचा आणि कवडसा उखळापाशी आला की आजी भात टाकायची. घड्याळ नव्हतंच. 2019 च्या डिसेंबरमध्ये सकाळी ग्रहण लागलं होतं तेव्हा आम्ही सगळे काळे चष्मे शोधत होतो आणि आई सोसायटीच्या बागेत झाडाखाली उभी राहून जमिनीवरचे कवडसे बघत होती, सगळे चंद्रकोरीसारखे झालेले.

तर केबिनच्या पूर्वेच्या दारावर एक विटेएवढी जागा उघडली. काचेची वीट टाकणार होतो पण ती उजेड पसरवते, कवडसा पडत नाही, म्हणून मिस्त्रींनी उरलेला लॅमिनेटेड काचेचा तुकडा बसवला, पैसे पण घेतले नाहीत. डिसेंबरात सकाळी पावणेनऊला चौथ्या पायरीवर चौकोनी कवडसा. आई तिथे ताट घेऊन तांदूळ निवडायला बसायची, तांदळात खडे नसतात आता तरी.

पहिल्या पावसात गळलं का विचाराल, तर गळलं. खिडकीतून नाही, इलेक्ट्रिशियनने डिशच्या वायरीसाठी पाडलेलं भोक कुणी बुजवलंच नव्हतं, दोन दिवस घमेलं ठेवलं. आणि हो, मे ते जुलैमधे सूर्य थोडा उत्तरेला कलतो तेव्हा त्या खिडकीतूनही ऊन येतं, मेचे शेवटचे पंधरा दिवस आम्ही आतून जुनी साडी बांधली, जून लागला की ढगच असतात.

फेब्रुवारीत आईची नवीन तक्रार आली, कवडसा चौथ्या पायरीवरून हललाय, मिस्त्रींना बोलाव, काच सरकली असेल. बाबांनी तिला सूर्याचं उत्तरायण समजावलं, तिने "ते मला माहितीये, पण एवढा?" म्हणून उडवून लावलं. तेव्हापासून दोघं दर रविवारी सकाळी पेन्सिल घेऊन जिन्यात उभे असतात, कवडसा जिथे असेल तिथे खूण आणि तारीख. पायऱ्या संपून तो आता भिंतीवर चढलाय. नव्या, पांढऱ्या, तीन कोट मारलेल्या भिंतीवर.